जाम नदीतले ळ

आमच्या घरी ‘खिळे’ म्हटलं की भिंतीत ठोकायचे खिळे कोणाच्या डोक्यातच येत नसत. त्यांना आम्ही चुका म्हणायचो. खिळे म्हणजे छापखान्यातले, शिशाचे, टोकाला एकेक अक्षर उलटं ओतलेलं असतं ते. मी लग्न होऊन पांढुर्ण्याला आले तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. सासूबाईंना म्हटलं, “आत्याबाई, आरसा टांगायचा आहे, एक खिळा द्या ना.” त्या चुलीपुढून उठल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, “कोनता पाह्यजे? क देऊ का ख?” आणि मग इतक्या हसल्या की तव्यावरची पोळी करपली.

छापखाना म्हणजे घराचीच पुढची खोली. मागच्या दारानं उतरलं की जाम नदी, पलीकडं सावरगाव. सासऱ्यांच्या वडिलांनी हे मराठी खिळे मुंबईहून रेल्वेनं मागवले होते. स्टेशनवरून गाडीत घालून आणताना पेट्यांचं वजन पाहून गावात हूल उठली म्हणे, की ह्यांच्याकडं चांदी आली. माझी आणि त्या खिळ्यांची ओळख मात्र लग्नाच्या आधीची. माहेर सौंसरचं. देश स्वतंत्र झाला तेव्हा मी चौथीत होते, आणि आमच्याकडं वाटलेलं पत्रक ह्याच छापखान्यातून आलं होतं: ‘उद्या सकाळी सर्वांनी शाळेच्या मैदानावर झेंडावंदनास यावे.’ वडिलांनी ते खळ लावून देवघराशेजारी चिकटवलं. काळी शाई संपली असावी, कारण सगळं पत्रक जांभळ्या शाईत होतं. जाता-येता वाचून मला ते पाठ झालं होतं.

पुढं राज्यांची फेरवाटणी झाली. नागपूर आणि विदर्भ तिकडं मुंबई राज्यात गेला, आम्ही इकडं राहिलो. आधी नागपूर राजधानी होती, सरकारी कागद मराठीतही यायचा. आता राजधानी भोपाळ आणि कागद हिंदीत. बाजारात काही फरक पडला नाही. त्याच कापसाच्या गाड्या, तीच संत्री, आणि ‘काय करून राहिले?’ ‘काही नाही, बसून राहिलो’ हीच बोली. फरक पडला तो छापखान्याला. मामंजी, म्हणजे माझे सासरे, त्याच सुमाराला वारले आणि सगळा भार ह्यांच्यावर आला. ‘हे’ म्हणजे आमचे मालक. नावानं कधी हाक मारली नाही, आता लिहितानाही मारत नाही.

ह्यांनी हिंदी खिळ्यांचा नवा संच आणला. त्यात ळ नव्हता. हिंदीला ळ लागतच नाही, तर त्या संचात तो येणार कुठून? त्याची काळजी तेव्हा कोणाला नव्हती, कारण ह्यांचा बेत पक्का होता. हिंदी कामाला हिंदी खिळे. आणि जुने, झिजलेले मराठी खिळे फाउंड्रीला देऊन त्यांच्या वजनावर नवे मराठी घ्यायचे. जुनं शिसं वितळवायचं आणि नवं ओतायचं, ही त्या धंद्याची रीतच आहे.

ही रीत ह्यांनी जेवता जेवता आईला सांगितली, आणि तिथंच घोटाळा झाला.

“वितयवतेत म्हंजे? भट्टीत घालतेत?” सासूबाईंनी विचारलं.

“हो.”

“अक्षरं?”

“आई, शिसं आहे ते.”

“तुह्या आज्यानं दरसाल दसऱ्याले ज्यायची पूजा केली, तुह्या बापानं केली, ते शिसं हाय?”

हे हसले, हात धुतले आणि दुसऱ्या दिवशी कामासाठी छिंदवाड्याला निघून गेले. सासूबाईंना वाचता येत नव्हतं. पण छापील कागदाला चुकून पाय लागला तरी त्या वाकून तो कपाळाला लावायच्या. अशा बाईला भट्टीचं नाव सांगून गावाला जाऊ नये, एवढं तिच्या पोटच्या पोराला कळायला हवं होतं.

मी शाळेत शिकवायला गेले होते. घरात कोणी नाही असं पाहून त्यांनी गाडीवाल्याला बोलावलं आणि खिळ्यांच्या सगळ्या केसा गाडीत चढवल्या. केस म्हणजे लाकडाचा उथळ ट्रे. त्यात अक्षरागणिक एकेक चौकोनी घर. त्या नदीवर नेल्या, आणि भंगलेल्या मूर्तीचं, फाटक्या पोथीचं आपण जे करतो ते सगळं त्यांनी रीतसर केलं. हळदीकुंकू वाहिलं, दह्याचा हात लावला, अक्षता टाकल्या आणि एकेक केस डोहात रिकामी केली. संध्याकाळी मी घरी आले तर रिकाम्या केसा अंगणात उन्हाला लावलेल्या, आणि बाई प्रसन्न मुद्रेनं गूळपोहे कालवत बसलेल्या.

“सोडून आली वं त्यायले,” म्हणाल्या. “नीट सोडलं.”

“कोणाला?”

त्यांनी सांगितलं तेव्हा मी दारातच बसले. “आत्याबाई, अहो निदान विचारायचं तरी!”

“काहून? देवाचं करताना तुले इचारूनच करा का आता?”

हे छिंदवाड्याहून आले. सगळं ऐकून घेतलं. रिकाम्या केसांवरून एकदा हात फिरवला, आणि आईला एक अक्षर बोलले नाहीत. मला इतका राग आला! आईचा आला, ह्यांचा आला, आणि सगळ्यात जास्त त्या न बोलण्याचा आला. द्यायला जुनं शिसंच उरलं नाही, तर नवे मराठी खिळे कुठले मिळणार? हिंदी संचापायी आधीच हात रिकामे झाले होते. एकटा ळ मागवावा, तर फाउंड्री तेवढ्यासाठी ऑर्डर घेईना. म्हणजे आता जे काय मराठी छापायचं ते बिनळाचं.

ह्यांनी हिकमती केल्या. दोन शून्यं शेजारी शेजारी बसवून वर आडवी रेघ लावून पाहिली. एक गिऱ्हाईक म्हणालं, “भाऊ, सगळं बरोबर हाय, पण मधातमधात हे चष्मे कायले टाकले?” मग ह्यांनी सरळ ळच्या जागी ल घालायला सुरुवात केली. म्हणाले, लोक समजून घेतील.

आणि मग आमच्या कन्याशाळेचा बाळमेळा आला. धाकट्या मुलींची गाणी, एक नाटुकलं, शेवटी खाऊ. छापखानेवाल्याची बायको म्हणून पत्रकाचं काम मोठ्या बाईंनी माझ्याच गळ्यात घातलं. ह्यांनी पत्रक छापलं, शाळेच्या चपराशानं दोन्ही काठांवर वाटलं. मी ते वाटून झाल्यावर पाहिलं. ओळ भरायला ह्यांनी मधे थोडी जागा सोडली होती, आणि मोठ्या अक्षरांत आलं होतं:

‘कन्याशालेचा बाल मेला. सर्व मंडलींनी वेलेवर यावे.’

हिंदीत मेला म्हणजे जत्रा. मराठीत काय, ते मी सांगायला नको. सावरगावच्या एक आजीबाई कोणाकडून तरी पत्रक वाचून घेऊन, डोक्यावर पदर घट्ट ओढून शाळेत आल्या आणि माझा हात धरून रडायलाच लागल्या. “कोनाचं लेकरू गेलं वो बाई? अन् पत्रक काढून सांगता?” मागाहून आणखी आल्या. एक आजोबा खांद्यावर पंचा टाकून थेट न्यायच्याच तयारीनं आले. मुली आत ‘चांदोबा, चांदोबा’ म्हणून नाचत होत्या आणि बाहेर ओट्यावर बाया डोळे पुसत होत्या. खरं काय ते कळल्यावर मात्र त्या ज्या भडकल्या, बाप्पा! आमच्या लेकरांना मेलं म्हणता? मोठ्या बाईंनी मला कोपऱ्यात घेऊन झापलं. घरी जावं तर हे मान खाली घालून बसलेले. इकडं आड, तिकडं विहीर.

त्या दिवसापासून आमचं नाव पडलं ‘बोबडा छापखाना’.

लोक तरी काय करतील! लग्नाची वेळ ‘वेल’ झाली, सायंकाळी ‘सायंकाली’ झाली. पत्रिकांची कामं नागपूरला जायला लागली. हिंदी कामं तर कचेरीच्या आसपासच्या छापखान्यांनीच छिंदवाड्याला धरून ठेवली होती. गंमत अशी की आमच्या भागात तोंडानं ळ म्हणतो तरी कोण? निम्मं गाव डोळ्याला डोया म्हणतं, शाळेला शाया, पोळीला पोई. माझ्या सासूबाईंनी जन्मात कधी ळ उच्चारला नाही. पण कागदावर तो नसला की तेच गाव पोट धरून हसायचं. तोंड घरचं आहे, ते कसंही वागेल. कागद चारचौघांत जातो, तो नीटच हवा, असा आमच्या लोकांचा न्याय. मला तो तेव्हा जाचक वाटायचा, पण मनातून पटायचासुद्धा.

फाल्गुनात वरुडकडचा एक माणूस यंत्र पाहायला आला. पायानं चालवायचं आमचं ते ट्रेडल त्यानं खालून-वरून पाहिलं, चाक फिरवून पाहिलं. म्हणाला, “भाऊ, तिकडं आता मराठीचं काम निंघून राहिलं. इकडं तुमचं मराठी कोन इचारते? द्या मले. अखजी झाली का गाडी घेऊन येतो.” अखजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या ह्यांना जन्मात कोणाला ‘नाही’ म्हणता आलेलं नाही. भिकाऱ्याला नाही, विमा विकणाऱ्याला नाही, आणि त्या वरुडवाल्यालाही नाही. मान डोलावली, झालं. परासियाला कोळशाच्या खाणीवर कारकुनाची जागा होती, ती धरायचं ठरवलं. मी सौंसरला माहेरी राहून तिथली शाळा बघायची, आणि सासूबाईंना रामाकोन्याला नणंदेकडं ठेवायचं. एका ळपायी घराचे तीन तुकडे.

खिळे जुळवताना हे नेहमी गुणगुणायचे. बोटं अशी चालायची की मी दारात उभी राहून नुसती पाहत राही. ते गुणगुणणं बंद झालं. हा माणूस खाणीवर जाऊन हजेऱ्या मांडणार, हे काही केल्या माझ्या मनाला पटेना.

“नदीतून काढू या,” मी म्हटलं.

“काय?”

“खिळे. शिसं काही वाहून जात नाही. उन्हाळा लागला, डोह आटला. जिथं सोडलेत तिथंच असतील.”

“विसर्जन केलेलं काढतात का कोणी? आणि आईला काय वाटेल?”

“आईला काय वाटेल, लोकांना काय वाटेल, वरुडवाल्याला काय वाटेल! तुम्हाला स्वतःला काय वाटतं ते एकदा तरी सांगाल?” मी फाडकन बोलले. मी तांदूळ धुवायची रोवळी उचलली आणि मागच्या दारानं उतरले.

चैत्रातली दुपार. सासूबाई झोपल्या होत्या म्हणूनच मी ती वेळ धरली होती. त्यांच्या तोंडावर जायची हिंमत माझ्यात नव्हती, हे कबूल. डोहात गुडघाभर पाणी होतं. मी लुगडं खोचून आत शिरले आणि वाळू उपसायला लागले. तेवढ्यात घाटावरून आमच्या आळीतले एक म्हातारे काका ओरडले, “ए सूनबाई! काय करून राहिली तू?” मी सांगितलं. काकांनी कानाला हात लावले. “अवो, सोडलेलं उचलते का कोनी? दोष लागते घराले!” त्यांच्या ओरडण्यानं धुण्याच्या बाया थांबल्या. वरून चार माणसं वाकून पाहायला लागली. पलीकडच्या काठावर सावरगावच्या बाया जमल्या. मेलेल्या बाळासाठी रडून गेलेल्या त्याच! मी रडकुंडीला आले होते, आणि नेमक्या तेव्हाच सासूबाई उताराची वाट उतरताना दिसल्या. मागून हे.

मी म्हटलं, आता माझं काही खरं नाही.

सासूबाई पाण्याच्या काठाशी आल्या. आधी माझ्याकडं पाहिलं, मग काकांकडं.

“काय म्हनत होते तुमी?”

काकांनी दोषाचं पुन्हा सांगितलं.

“तुमी दरसाल गनपती सोडता ना? भटजी अक्षता टाकताना काय म्हनते?”

काका गोंधळले. “ते... पुनरागमनाय च.”

“त्याचा अर्थ काय होते?” आता प्रश्न मला होता. “तू मास्तरीन हायेस. सांग.”

“परत येण्यासाठी,” मी म्हटलं.

“मंग? म्या तेच म्हनून सोडलं त्यायले. या म्हनलं परत. आता ते यायले निंघाले, अन् तुमी दारात आडवे होऊन राहिले?” काकांना तिथंच सोडून त्या सरळ पाण्यात उतरल्या, मांडी घालून बसल्या आणि माझ्या हातातली रोवळी ओढून घेतली. “अशी नाई रोयत वं! भांडी घासून राहिली का तू?”

पुढं मी त्यांच्याशी कितीदा तरी भांडले. पण त्या दुपारी ती बाई मला जशी दिसली, तशीच मनात राहिली आहे.

तांदूळ धुताना खडा खाली राहतो आणि तांदूळ वर निघतो. इथं उलटं करायचं होतं: वाळू जाऊ द्यायची आणि खडा राखायचा. पांढुर्ण्याच्या बाईला हे शिकवावं लागत नाही. सासूबाईंनी रोवळीला गोल हिसका दिला, पाणी कलतं केलं, वाळू गेली आणि तळाशी एक काळपट कांडी उरली. ती त्यांनी ह्यांच्या हातात ठेवली. ह्यांनी अंगठ्यानं टोक पुसलं, उन्हात धरलं आणि हसू लागले.

“काय आहे?” मी विचारलं.

“ल.”

घरात लचा ढीग पडलेला, आणि नदीनं पहिला दिला तो ल! सगळा घाट हसला. काकासुद्धा. आणि त्या हसण्यातच पलीकडच्या बाया पाण्यात उतरल्या. गंमत पाहायला आल्या होत्या, पण हातात चाळण्या, पराती कधी आल्या ते कळलंच नाही. रडलेल्या आजीबाई मला म्हणाल्या, “तुह्या नवऱ्यानं पुन्हा लेकराले मेलं म्हनून छापू नये, म्हनून आली मी. दुसरं काही नाई.” पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ह्याच पात्रात दोन्ही काठांचे पुरुष एकमेकांना गोटे मारतात. आणि आता दोन्ही काठांच्या बाया गुडघाभर पाण्यात पाठीला पाठ लावून बसल्या होत्या, तोंडानं एकमेकींच्या सुनांची उणीदुणी काढत.

रोज दुपारी हेच चालायचं. काठावर तरट अंथरलेलं, त्यावर हे बसलेले. बाया ओल्या मुठी रिकाम्या करायच्या आणि हे एकेक खिळा बोटानं चाचपून बाजूला काढायचे. क निघाले, त निघाले, मोडक्या वेलांट्या निघाल्या, म तर इतके की म्हशीच्या चाऱ्यासारखी रास पडली. घरी नेऊन राखेनं आणि रॉकेलनं घासले की खालून अक्षर स्वच्छ उठून यायचं. गाव रोज विचारायचं, “आज काय निंघालं?” छिंदवाड्याच्या गाडीतून उतरलेला माणूसही आधी घाटावर डोकावून मग घरी जायचा.

फक्त ळ निघेना. एकही नाही. सगळे खिळे सापडले आणि ळ नसला, तर आम्ही होतो तिथंच होतो. मी बायांना सांगून ठेवलं होतं, जिलबीसारखं दिसेल ते अक्षर धरा. जिलबीचा पत्ता नव्हता. अखजी झाली. कोणत्याही दिवशी वरुडची गाडी येणार. एका बाईनं जामसांवलीच्या मारुतीला नारळ बोलला. ह्यांचा चेहरा पुन्हा उतरायला लागला.

मग एका दुपारी हे अचानक उठले, घरी गेले आणि एक रिकामी केस घेऊन आले. ती आईपुढं धरली. इतक्या महिन्यांत त्या गोष्टीवर ते आईशी पहिल्यांदा बोलत होते.

“आई, तू ही कशी रिकामी केलीस? कुठं उभी होतीस?”

सासूबाई उठल्या आणि धुण्याच्या मोठ्या दगडावर जाऊन उभ्या राहिल्या. “अशी. उगवतीले तोंड करून.”

“धरलीस कशी?”

“आता कशी? उजव्या हातात हयदीकुकवाचं ताट. गाडीवाला हात लावतो म्हने, म्या नाई लावू देल्ला. दगडावर टेकवली, अन् डाव्या हातानं कलती केली.”

ह्यांनी केस दगडावर टेकवली आणि तशीच डावीकडं कलती केली. मग त्या केसच्या डाव्या कोपऱ्यातल्या शेवटच्या घरावर बोट ठेवलं. ते ळचं घर होतं.

“म्हणजे सगळ्यात आधी ळ सांडले,” हे म्हणाले. “डोहात पडलेच नाहीत. इथंच, तुझ्या पायाशी.”

आम्ही सगळ्या त्या दगडाकडं पाहत राहिलो. इतके दिवस आळीपाळीनं त्याच्यावरच बसून रोळत होतो.

दगडाच्या बुडाशी एक अरुंद कपार होती, तिच्यात गाळ घट्ट बसलेला. हात आत जाईना. आजीबाईंनी अंबाड्यातला आकडा काढला, कपारीत घातला, उकरला. गाळाचा एक लपका निघाला. त्यांनी तो परातीत धुतला आणि एकदम किंचाळल्या, “य निंघाला वं, य! य सापडला!”

ह्यांनी खांदे पाडले. “आजी, य भरपूर आहेत आपल्याकडं.”

“अरे पोट्ट्या, य नाई, य! तुहा जिलबीचा य!”

मी त्यांच्या हातून खिळा ओढून घेतला. ळ उलटा धरा की सुलटा, जवळजवळ सारखाच दिसतो. वाचायला शिकलेली नसलेली बाईही तो चुकत नाही. होता. ळच होता! मी इतक्या मोठ्यानं ओरडले की वर रस्त्यावरचे बैल बुजले. मग काय, दोन्ही काठांच्या बायांचे आकडे आणि पिना त्या कपारीत. ओले केस पाठीवर मोकळे सुटलेले, कोणाला शुद्ध नव्हती. परातीत ळवर ळ वाजत होते, आणि सगळा घाट ‘य निंघाला, य निंघाला’ म्हणून ओरडत होता. ह्यांनी मूठभर ळ हातात घेतले आणि आईच्या पायाशी, तिथंच पाण्यात, खाली बसले. रडत होते की हसत होते, मला सांगता येणार नाही. सासूबाई त्यांच्या डोक्यावर ओला हात ठेवून म्हणाल्या, “आले ना?”

दुसऱ्या दिवशी सकाळी हे लवकर छापखान्यात गेले. मी चहा घेऊन गेले तर दार आतून लोटलेलं, आणि आतून गुणगुणणं ऐकू येत होतं. मी चहा उंबऱ्यावर ठेवला आणि आवाज न करता मागं फिरले.

वरुडची गाडी दुपारी आली. तो माणूस दोर घेऊन, चार हमाल घेऊन आला होता. खिळे मिळाले होते खरे, पण ह्यांना ओळखत होते ना मी! समोरचा माणूस एवढ्या लांबून गाडी घेऊन आला, आता त्याला परत कसं पाठवायचं, म्हणून हे स्वतःच्या हातानं यंत्राला दोर बांधून देतील. मी पदर खोचून भांडायच्या तयारीनं बाहेर आले. सासूबाई तर माझ्याआधीच उंबऱ्यात उभ्या होत्या.

भांडायची गरजच पडली नाही. छापखान्याच्या दारावर एक ताजं छापलेलं पत्रक चिकटवलेलं होतं, शाई अजून ओली होती. वरुडवाला त्याच्यापुढं उभा राहून बोटानं ओळी धरून मोठ्यानं वाचत होता. वाचणंही आमच्याच बोलीतलं:

“छापखाना चालू आहे. यंत्र विकायचे नाही. सर्व मराठी कामे... वेयेवर मियतील.”

त्यानं पुन्हा एकदा वाचलं. आत ट्रेडल चालायला लागलं होतं. त्यानं आत डोकावून जरा दुखावल्या आवाजात विचारलं, “भाऊ, तोंडानं सांगतलं असतं तरी चाललं असतं. हे छापून कायले लावलं?”

ह्यांनी पाय थांबवला नाही. मान वर करून त्या माणसाकडं सरळ पाहिलं. असं पाहताना मी ह्यांना तोवर कधी पाहिलं नव्हतं.

“तोंडानं सांगितलं असतं, तर तुम्ही माझं मन वळवलं असतं,” हे म्हणाले. “छापलेल्याचं मन वळवता येत नाही.”

सासूबाईंनी त्याला आणि हमालांना पाणी दिलं, गुळाचा खडा दिला. त्यांनी ते उभ्या उभ्या घेतलं आणि गाडीवाल्यानं बैल वळवले.